ट्यूबिंगला पुन्हा भोकं, मदत हवी आहे (तातडीचं)

खारी_माती:
दुसऱ्यांदा तेच. तेलविहिरीतली एन-८० (साध्या पोलादाची) ट्यूबिंग, म्हणजे तेल वर आणणारी नळी, २-७/८ इंची, सात महिन्यांत भोकं पडली. मागच्या खेपेला खालचे चार जॉइंट (नळीचे तुकडे) बदलले, पुन्हा तिथेच गेली. साहेब म्हणाले इनहिबिटरचा (गंजरोधक रसायनाचा) डोस वाढवा, वाढवला. सोमवारी रिग दुसरीकडे जाणार. नवीन कुठली उतरवू?

निवृत्त_रिगवाला:
भोक पडलं हे कळलं. बाकीचं? खोली, पाणी किती टक्के, वायूत काय?

क्रोमवाला:
१३ क्रोम (१३ टक्के क्रोमियमचं पोलाद) टाका आणि विसरा. आमच्या समुद्रातल्या गॅस विहिरीत साध्या एल-८० ची चाळण झाली होती, क्रोमला नऊ वर्षं काही झालं नाही.

निवृत्त_रिगवाला:
पैसे तुम्ही देताय का? आणि ॲसिड जॉबला (विहीर ॲसिडने साफ करताना) इनहिबिटर चुकला की तुमचं क्रोमच आधी जातं.

खारी_माती:
मेहसाण्याकडे, १३०० मीटर. पाणी ८० टक्के. कार्बन डायऑक्साइड थोडा, एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) नाही.

तेलकट_वही:
'थोडा' म्हणजे किती? आंशिक दाब (एकूण दाबातला त्या वायूचा वाटा) काढा. ढोबळ हिशेब असा की ३० पीएसआयच्या वर असेल तर खाणारच, ७ च्या खाली सहसा नाही.

नाशिककर_७७:
आमच्या बोअरला लोखंडी केसिंग आहे, लाल पाणी येतंय. पीव्हीसी टाकू का?

तेलकट_वही:
दादा, वेगळा धागा काढा ना. खारी_माती, गोल खड्डे आहेत की उभी चीर?

खारी_माती:
उभी, हातभर लांब, एकाच बाजूला. आतून बोट फिरवलं तर पन्हळीसारखं गुळगुळीत लागतं. सकर रॉड पंप (नळीतल्या सळया वर-खाली करून चालणारा) आहे, ते लिहायचं राहिलं.

निवृत्त_रिगवाला:
अहो, हे आधी सांगायचं!

तेलकट_वही:
रॉडची कपलिंग (सळयांचा जोड) नळीला आतून घासतेय. ८० टक्के पाण्यात तेलाचं वंगण उरत नाही. गंजाचा थर आणि इनहिबिटरचा लेप, दोन्ही खरवडून निघतात आणि ताजं लोखंड उघडं पडतं. मग डोस कितीही वाढवा. ट्यूबिंग अँकर (नळी खाली घट्ट धरून ठेवणारा) आहे का? नसेल तर वरच्या स्ट्रोकला पंपावरची ट्यूबिंग वाकते. तुमचे खालचेच चार का जातात ते बघा.

क्रोमवाला:
क्रोम असतं तर गंज लागलाच नसता.

तेलकट_वही:
क्रोमही घासलं गेलंच असतं की, ताशी शेकडो वेळा. एन-८० च राहू द्या. खाली रॉड गाइड (रॉड नळीच्या मधोमध ठेवणारे) लावा, स्ट्रोक लांब आणि सावकाश ठेवा.

खारी_माती:
ताई, अँकर मागच्या वर्कओव्हरला (विहीरदुरुस्तीला) काढला तो परत बसवलाच नाही. स्टोअरमागे पडलाय, स्लिपचे (त्याच्या पकडीच्या तुकड्यांचे) दात गंजलेत. घासून बसवला तर चालेल?

निवृत्त_रिगवाला:
नको. पुढच्या खेपेला निघायचा नाही. स्लिप नव्या मागवा, आजच.