मदत हवी आहे: रेकॉर्डिंगच्या मधेच ऑडिओ इंटरफेस गायब होतो

नमस्कार मंडळी,

घरीच पेटी-तबल्याचं रेकॉर्डिंग करतो. दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), दोन कंडेन्सर माइक, विंडोज ११चा लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. दहा-पंधरा मिनिटं सगळं सुरळीत चालतं. मग आवाजात चरचर सुरू होते, थोड्या वेळाने लॅपटॉप 'टुडुंग' करतो, इंटरफेसचा दिवा जातो आणि रीपर म्हणतं डिव्हाइसच नाही. परवा तबलेवाले मित्र छान रंगात आले होते, नेमकं तेव्हाच. त्यांना 'पुन्हा एकदा' म्हणायची आता लाज वाटते.

ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, केबल बदलली, बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) १२८वरून ५१२ केला. त्याने चरचर कमी झाली, पण गायब व्हायचं काही थांबलं नाही. भाच्याच्या डेस्कटॉपवर हाच इंटरफेस दोन तास चालला. आणि एक गंमत: नुसता पेटीचा माइक लावला तर पाऊण तासही काही होत नाही!

दुकानदार म्हणतो नवीन घ्या. त्याआधी म्हटलं इथे विचारावं.

प्रतिसाद १

ही दोन वेगळी दुखणी आहेत. चरचरीवर बफरचा उपाय चालतो, पण डिव्हाइस गळून पडणं ही बहुतेक विजेची भानगड. कंडेन्सर माइकला लागणारे फँटम पॉवरचे ४८ व्होल्ट इंटरफेस यूएसबीच्या ५ व्होल्टमधूनच तयार करतो, त्यामुळे दुसरा माइक लागला की ओढ वाढते. यूएसबी २.०च्या पोर्टचा हिशोब ५०० मिलिअँपिअरचा. मधे हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) आहे का? असेल तर आधी तो काढा. पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करा. चरचरीसाठी वाय-फाय बंद करून बघा. लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवलंत तर कुठला ड्रायव्हर आवाज अडवतोय तेही कळेल.

धागाकर्ता

हब आहे हो, लिहायचं राहिलं! लॅपटॉपला दोनच पोर्ट, एकात माउस. म्हणून इंटरफेस आणि बाहेरची हार्ड डिस्क दोन्ही एकाच बिनअडॅप्टरच्या हबवर, आणि रेकॉर्डिंगही त्याच डिस्कवर. आज माउस काढून इंटरफेस थेट लावला, डिस्क बाजूला ठेवली. दोन्ही माइक लावून तासभर वाजवलं, एकदाही गेला नाही. वाय-फाय बंद केल्यावर उरलेली चरचरही गेली.

आता एकच. चार्जर लावला की हेडफोनमध्ये बारीक गुणगुण येते, बॅटरीवर येत नाही. पण बॅटरी जेमतेम सव्वा तास टिकते. यावर काय करता येईल?