गुलमर्ग: ताज्या बर्फात स्कीइंग, मुलाला फेज दोनवर न्यावं का? सल्ला हवा

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं, मी, नवरा आणि सोळा वर्षांचा मुलगा, फेब्रुवारीत गुलमर्गला निघालोय. मागच्या हिवाळ्यात मुलाने आणि मी तिथे बेसिक कोर्स केला. दाबून सपाट केलेल्या उतारावर पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळण) घेता येतो, हवं तिथे थांबता येतं. उतार तीव्र झाला की मात्र परत स्नोप्लाउ, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणून हळू उतरणं.

आता पोराला न तुडवलेल्या, ताज्या बर्फात जायचंय. एका गाइडशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणतो, बर्फ पडला की दुसऱ्याच दिवशी फेज दोनवर, म्हणजे गोंडोलाच्या (केबल कारच्या) वरच्या टप्प्यावर नेतो, ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र) भाड्याने देतो, बिनधास्त या. नवऱ्याचं म्हणणं, गाइड सोबत असल्यावर कसली भीती? मला मात्र हे पटत नाहीये. इथे लातुरात विचारायचं तरी कुणाला, म्हणून हा धागा. ताज्या बर्फात उतरायचं तंत्र वेगळं असतं का, आणि धोका नेमका किती, हे जाणकारांनी सांगावं.

देवगिरीकर, छत्रपती संभाजीनगर

ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे. बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी फेज दोन नको. मोठ्या हिमवर्षावानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात धोक्याचे असतात, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना वर जायची घाई असते.

गुलमर्ग गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला थांबतो, दुसरा अफरवटवर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. वर गेल्यावर युरोपातल्यासारखे आखलेले, दाबलेले उतार मिळत नाहीत. गोंडोलाच्या खालच्या मुख्य खोलगट भागावर स्की पेट्रोलचं (उतारांवरच्या सुरक्षा पथकाचं) लक्ष असतं, ते तिथला बर्फ तपासतात, गरज पडली तर स्फोट करून पाडतात. त्या हद्दीच्या डावी-उजवीकडे गेलात की सगळं उघडं रान. वरच्या धारेवरून आडवं सरकत गेलं की दोन मिनिटांत माणूस हद्दीबाहेर पडतो, आणि नवख्याला ते कळतही नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीअर गेला. परदेशातून खास स्कीइंगसाठी आलेली माणसं होती ती.

कारण समजून घ्या, म्हणजे पोरालाही सांगता येईल. हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो, मग बरेच दिवस कोरडी थंडी. तेवढ्यात तळाच्या बर्फाचे सुटे, एकमेकांना न धरणारे दाणे होतात. त्यावर पुढचा जाड थर बसतो. जमिनीवर ज्वारी पसरून वर सतरंजी टाकावी आणि तिच्यावर उभं राहावं, तसा तो थर असतो: वरून घट्ट, खालून निसटता. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर स्कीअरच्या वजनाने खालचा थर मोडतो आणि वरची लादी अख्खी सुटते. जीव घेणारी बहुतेक स्खलनं अडकलेल्या माणसाने किंवा त्याच्याच सोबत्याने सुरू केलेली असतात. वाऱ्यामुळे तर धारेच्या आडोशाला, पडला त्याच्या कितीतरी पट बर्फ साठतो. म्हणून 'काल एवढासाच पडला' या बोलण्यावर जाऊ नका.

गाइड असणं चांगलंच. पण त्याला चार प्रश्न विचारा. आजचा हिमस्खलनाच्या धोक्याचा स्तर पाचपैकी किती? कुठल्या उतारावरून नेणार आणि तोच का? एकेकाला सोडणार की सगळ्यांना एकदम? आम्हाला ट्रान्सीव्हरने शोधायचा सराव देणार का? शेवटच्या प्रश्नावर जो हसतो त्याच्यासोबत पोराला पाठवू नका. आणि स्तर तीन म्हणजे 'मधला, म्हणजे ठीक' असं समजू नका. जगभरात कितीतरी मृत्यू तीनच्याच दिवशी होतात.

मांजराकाठ

दादा, फार उपयोगी. मुलाने वाचलं. तो विचारतोय, ट्रान्सीव्हर अंगावर असला की सापडणारच ना? आणि मग आम्ही ताज्या बर्फात जायचंच नाही का?

देवगिरीकर

जायचं की! पण खाली. आधी ट्रान्सीव्हरचं. तो ४५७ किलोहर्ट्झवर फक्त संदेश देतो, बाहेर काढतात ती माणसं. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई) आणि धातूचं फावडं, तिन्ही हवं. गाडला गेलेला माणूस पहिल्या १० ते १५ मिनिटांत निघाला तर वाचायची शक्यता चांगली असते, अर्ध्या तासानंतर फार थोडी उरते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत वेळ नसतो, शेजारच्याने खणायचं असतं. आणि स्खलन थांबल्यावर तो बर्फ हाताने उकरत नाही, इतका घट्ट बसतो. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेंटिमीटर लांब ठेवायचा, शोधताना ५० सेंटिमीटर, नाहीतर सिग्नल बिघडतो.

आता तंत्र. दाबलेल्या उतारावर वळताना बाहेरच्या स्कीवर भार टाकायला शिकवलंय ना? खोल बर्फात तसं केलं की तीच स्की बुडते आणि माणूस आडवा होतो. दोन्ही पायांवर जवळपास सारखा भार, पाय नेहमीपेक्षा थोडे जवळ. 'मागे झुका, टोकं वर राहतील' असं कुणीही सांगेल, ऐकू नका. मागे झुकलं की मांड्या पेटतात आणि स्की वळवता येत नाही. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी, वजन मधोमध. वळण झटक्याने नको, गोल आणि सावकाश. गुडघे-घोटे थोडे दबतात, उठतात, त्या लयीत स्की वर येते तेव्हा वळवायची. थोडा वेग लागतोच. भीतीने फार हळू गेलं तर स्की रुततात. घाबरायचं कारण नाही, खोल बर्फ स्वतःच ब्रेक लावतो.

सराव करायचा तर दाबलेल्या उताराच्या कडेला दहा-पंधरा सेंटिमीटर ताजा बर्फ असतो, तिथे. एक स्की त्यात, मग दोन्ही. कोंगडोरीच्या खाली अशी जागा मिळते, आणि सोळा वर्षांच्या पोराला तिथेही भरपूर मजा येईल.

पडल्यावर उठताना हाताने रेटू नका, हात खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही काठ्यांची फुली करून बर्फावर आडवी ठेवायची, मध्यावर जोर द्यायचा. निसटलेली स्की बहुधा पडलो त्या जागेच्या वरच्या बाजूला असते, खाली शोधत बसू नका. परत घालण्याआधी बुटाच्या तळव्याचा बर्फ खरवडून काढा, नाहीतर बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) नीट बसत नाही.

झाडांत जाणार असाल तर काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. फरच्या फांद्यांखाली बुंध्याभोवती पोकळ खड्डा राहतो, माणूस डोक्यावर त्यात पडला की एकट्याला निघता येत नाही. जोडीदार सतत नजरेत आणि हाकेच्या अंतरावर. गळ्यात शिट्टी.

हाडवैद्य, नांदेड

वरच्या सल्ल्याला पूर्ण अनुमोदन. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, गुडघ्यांबद्दल बोलतो. भाड्याच्या दुकानात बाइंडिंग वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून लावतात. वजन कमी सांगू नका आणि कौशल्य वाढवून सांगू नका. मुलं हटकून 'एक्स्पर्ट' सांगतात! मग पडल्यावर स्की सुटत नाही आणि पीळ हाडाला किंवा सांध्याला बसतो.

तरी गुडघ्याचा एसीएल (सांध्याच्या आतला अस्थिबंध) बाइंडिंग दर वेळी वाचवत नाही. मागे पडत असताना, घसरणं चालू असतानाच उठायचा प्रयत्न केला की तो तुटायची भीती जास्त. हात पुढे ठेवा, तोल गेलाच तर पूर्ण थांबेपर्यंत उठू नका. दिवसाच्या शेवटी, पाय थकलेले असताना 'एक शेवटचा राउंड' घेऊ नका.

आपण फार तर पाच-सहाशे मीटरवर राहणारी माणसं. पहिल्या दिवशी वर जाऊ नका. डोकं दुखून मळमळ होत असेल तर आणखी वर चढायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, त्यामुळे ढगाळ असलं तरी गॉगल. डोळ्यांची आग संध्याकाळी सुरू होते, तोवर इजा झालेली असते.

तयारी आत्तापासून करा. बैठका, आणि एखाद्या किल्ल्याच्या पायऱ्या सावकाश उतरणं. चढण्यापेक्षा उतरण्याने मांड्या स्कीइंगसाठी तयार होतात.

गोदेचं_पाणी, परभणी

आमचा अनुभव कपड्यांचा. आपल्याकडचे सुती बनियन-मोजे घरीच ठेवा, घामाने ओले झाले की वाळत नाहीत आणि थंडी हाडात शिरते. आत लोकरीचे नाहीतर सिंथेटिक, मोजा एकच, पातळ. दोन मोजे घातले की बूट आवळतो आणि बोटं उलट जास्त गारठतात.

विम्याचं बघा. बऱ्याच प्रवास विम्यांत स्कीइंग वगळलेलं असतं, हद्दीबाहेरचं तर नक्की विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बोलणं झालं. कोंगडोरीच्या खालीच राहायचं, गाइडऐवजी प्रशिक्षक घ्यायचा आणि ट्रान्सीव्हर शोधायचा सराव एक दिवस मुद्दाम करायचा, असं ठरलंय. पोरगा जरा फुगलाय. मुक्काम किती ठेवावा?

देवगिरीकर

ठरवलाय त्यापेक्षा दोन दिवस जास्त धरा. वारा किंवा हिमवर्षाव वाढला की गोंडोला बंद ठेवतात, टंगमर्गहून वर येणाऱ्या रस्त्यावर गाड्यांना साखळ्या लागतात, श्रीनगरची विमानंही रद्द होतात. परतीचं तिकीट घाईचं असलं की माणूस नको त्या दिवशी वर जातो. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. आणि पोराला सांगा, या खेपेला खोल बर्फातली वळणं पक्की झाली की फेज दोनचा विचार पुढच्या वर्षी जरूर करू. तेव्हा धागा वर काढा, मी आहेच.