सेरेब्रल पाल्सीचा मुलगा पहिलीत आलाय, शाळा दोनशिक्षकी. सुरुवात कुठून करू?

तापीकाठची बाई (शिरपूर तालुका)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी एकत्र सांभाळते. यंदा सात वर्षांचा एक मुलगा आलाय, सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नाही. हातपाय ताठ, मान कलते, बोलणं घशातल्या घशात. आई कडेवर घेऊन येते आणि दाराशीच सांगते, "बाई, त्याले समदं समजस." खरंच समजतं. मी फळ्यावर मुद्दाम तीन आणि दोन सहा लिहिलं की वर्गात सगळ्यांच्या आधी तोच हसतो.

अडतंय ते बसण्यापाशी. सतरंजीवर घसरतो, भिंतीला टेकवला तरी थोड्या वेळात आडवा. सगळा जीव तोल सांभाळण्यातच जातो, मग अक्षराकडे बघणार कधी? रॅम्प आहे, पण इतका खडा की रिकामी खुर्चीही वर ढकलवत नाही. लघवीला न्यायला दुपारी आई येते, पण कापूस वेचणी लागली की तिची मजुरी बुडेल.

गावातले म्हणतात, जिल्ह्याला निवासी शाळेत टाका. आईला ते नको आहे आणि मलाही नको. पण नुसतं वर्गात ठेवून घेतलं म्हणजे शिकवलं असं होत नाही. ज्यांनी असं मूल शिकवलंय त्यांनी सांगा. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट अजून काढलेलं नाही.

विशेष शिक्षिका, चोपडा

ताई, सर्टिफिकेटअभावी प्रवेश अडत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आलाय. त्यात ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षण आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथे पसंत असेल तिथे. आईला गावातली शाळा हवी असेल तर विषय संपला. तरी यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरून सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी करून घ्या, एसटीची ७५ टक्के सवलत वगैरे त्यावर मिळते. आणि यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीत, त्याची नोंद दिव्यांग म्हणून झालीय का, हे आजच बघा. नोंद नसेल तर एलिम्कोच्या (दिव्यांगांची साधनं बनवणारी सरकारी कंपनी) मोजमाप शिबिराच्या यादीत नाव येत नाही, मग सीपी चेअर, म्हणजे अशा मुलांची खास खुर्ची, कुठली मिळणार? तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना लेखी कळवा.

पण शिबिराची वाट बघत बसू नका. सुताराकडून खुर्ची करून घ्या. कंबर, गुडघा आणि घोटा तिन्ही काटकोनात आले पाहिजेत. पाय लोंबकळले की अंग आणखी ताठतं, म्हणून तळव्याखाली फळी हवीच. दोन्ही मांड्यांच्या मध्ये छोटा गुंडाळलेला ठोकळा, म्हणजे पायांची कात्री होत नाही. कमरेला सुती पट्टा, घट्ट नको. पुढे कोपराच्या उंचीवर पाट. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. बूड स्थिर झालं की मान बरीचशी सावरते आणि हात मोकळे होतात, हे मी कितीतरी मुलांत पाहिलंय.

मग हो-नाही ठरवा. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. पुठ्ठ्यावर चार चित्रं लावा: पाणी, लघवी, दुखतंय, घरी. उत्तर नजरेने दिलं तरी ते उत्तरच, मूल्यमापनात तसंच धरा. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. त्याचं अंग उत्तर द्यायला वेळ घेतं, तोवर दुसरं मूल ओरडून मोकळं होतं, म्हणून वर्गाला थांबायला शिकवा.

खिचडीचं नीट ऐका. त्याला आडवं ठेवून किंवा मान मागे टाकून कुणीही भरवायचं नाही. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, तोंड रिकामं झाल्यावरच पुढचा. ठसका नेहमी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवाच, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. स्वयंपाकी ताईंना हे समोर बसवून दाखवा.

अमळनेरची आई

माझी मुलगीही अशीच आहे, आता सातवीत. तपासणीला गेलो तेव्हा तिला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारले. आमच्या घरात सगळं अहिराणी. ती गप्प, आणि कागदावर बुद्धी कमी असं आलं. मी भांडून पुन्हा तपासणी करून घेतली. प्रश्न मी अहिराणीत सांगितले, तिने धडाधड बोट दाखवलं. बाई, तुम्ही त्याच्या आईला शेजारी बसू द्या म्हणून आधीच सांगा.

लघवीसाठी प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून खाली भांडं ठेवलं होतं, पडदा जुन्या लुगड्याचा. मदतनीस भत्ता मिळतो का तेही विचारा. आईला आता मजुरी सोडायला सांगू नका.

मुख्याध्यापक, रावेर

रॅम्पचं प्रमाण १:१२ असतं. ओटा दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब लागतो. बहुतेक ठिकाणी जागा नाही म्हणून सहा फुटांत उरकतात. वळवून बांधा, मधे सपाट जागा सोडा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन ग्रामपंचायतीकडे द्या, स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं त्यांना बंधनकारक आहे. तोंडी बोलू नका, पोच घ्या.

तापीकाठची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ओटा मोजला, दोन फुटांना थोडा कमी आहे. ठराव या महिन्याच्या बैठकीत ठेवते. सुतार उद्या येतोय. खुर्चीची बसायची फळी पुढून मागे किती ठेवायची? मांडी कुठून कुठे मोजू?

विशेष शिक्षिका, चोपडा

पाठ टेकवून बसवा. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजा आणि त्यातून दोन बोटं कमी करा, म्हणजे कड पोटरीला काचणार नाही. तळव्याखालची फळी खिळ्यांनी ठोकू नका, नट-बोल्टने बसवा. पोरगा वाढेल तशी खाली सरकवता आली पाहिजे.