ब्लँकेटं तर देऊच, पण मंगळवारी हिअरिंगला कोण कोण येणार?

प्रेषक: सुमेधा (सनीवेल)

नमस्कार मंडळी,

गणपतीचा हिशोब काल कमिटीत मांडला. देणगीच्या पेटीत यंदा बरीच चांगली रक्कम जमली आहे, सगळ्यांचे मनापासून आभार. दरवर्षी या पैशातून आपण ब्लँकेटं, मोजे देतो आणि शेल्टरमध्ये जेवण घेऊन जातो, ते यंदाही करायचंच, त्यात काही बदल नको. पण मला दोन गोष्टी सुचवायच्यात आणि त्यावर इथे लिस्टवरच मोकळेपणाने बोलणं व्हावं असं वाटतं, नाहीतर मीटिंगमध्ये घाईघाईत हात वर होतात आणि विषय संपतो.

पहिली म्हणजे निम्मे पैसे आपल्या सांता क्लारा काउंटीच्या होमलेसनेस प्रिव्हेन्शन फंडाला द्यावेत. २०१७ पासून हे काम चालू आहे, सॅन होजेची सेक्रेड हार्ट आणि आणखी बऱ्याच संस्था मिळून करतात. ज्यांचं भाडं थकलंय आणि आता घर जाणारच अशी वेळ आलीय त्यांना ते भाडं नाहीतर डिपॉझिट थेट भरून देतात. नोटर डेम युनिव्हर्सिटीच्या लोकांनी याचा नीट अभ्यास केला, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं काहींना मदत आणि काहींना नाही असं करून, आणि मदत मिळालेल्या लोकांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत बेघर होण्याचं प्रमाण ८१ टक्क्यांनी कमी निघालं. त्या अभ्यासात एका कुटुंबामागे सरासरी खर्च २००० डॉलरच्या आसपास होता. आपल्या मंडळाच्या ऐपतीतली रक्कम आहे ही!

दुसरी गोष्ट पैशाची नाहीये. आमच्या सनीवेल सिटीच्या मालकीचा जो पार्किंग लॉट आहे तो परवडणाऱ्या घरांसाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचा ठराव मंगळवारच्या हिअरिंगला सिटी काउन्सिलपुढे येतोय. त्यातली काही घरं थेट रस्त्यावरून येणाऱ्या लोकांसाठी राखीव आहेत. नेक्स्टडोअरवर (शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पांचं ते अ‍ॅप) विरोध करणाऱ्यांची जमवाजमव जोरात चालू आहे आणि बाजूने बोलायला कोणी गेलं नाही तर काउन्सिलला वाटणार की गावात कोणालाच हे नकोय. आपण दहा-पंधरा जणांनी तरी जावं.

प्रेषक: श्रीकांत काका (क्युपर्टिनो)

सुमेधा,

तुझी तळमळ कळते आणि भाडं थकलेल्यांना मदत करायला माझी काहीच हरकत नाही, ती खुशाल करा. पण दुसऱ्या गोष्टीवर मला मनात आहे ते स्पष्ट लिहायला हवं.

२०१६ साली मेझर ए ला, म्हणजे परवडणाऱ्या घरांसाठी काउंटीने कर्ज काढायच्या प्रस्तावाला, मी मत दिलं होतं. ९५ कोटी डॉलरचे बॉण्ड, दोन तृतीयांश मतं लागत होती आणि जेमतेम पार झालं. ते आपण सगळे प्रॉपर्टी टॅक्समधून फेडतोय. एवढं करून आज कोयोटी क्रीक ओढ्याच्या बाजूने जा किंवा कुठल्याही फ्रीवेच्या कडेला बघ, तंबू आहेतच. काउंटीत मोजणी होते तेव्हा आकडा दहा हजारांच्या आसपासच येतो. मग पैसे गेले कुठे हा प्रश्न विचारला तर माणूस लगेच निर्दयी ठरतो का?

आणि दुसरं, ज्याला ड्रग्जचं व्यसन आहे, डोक्यावर परिणाम झालाय, त्याला आधी उपचार द्यावेत आणि मग घर द्यावं असं मला वाटतं. व्यसन तसंच ठेवून घराची किल्ली दिली तर ते घर टिकणार कसं? शेजारी शाळा आहे, माझी नात तिथे जाते. हे मी कोणाला कमी लेखून म्हणत नाहीये, काळजी वाटते म्हणून म्हणतोय.

प्रेषक: वैशाली (सॅन होजे)

काका, नमस्कार. तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण बरेच जण हेच मनात ठेवतात आणि लिस्टवर गप्प बसतात. मी सपोर्टिव्ह हाउसिंगमध्ये, म्हणजे बेघर लोकांना घर आणि सोबत आधार देणाऱ्या कामात, केस मॅनेजर आहे, रोजचं काम हेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसे कुठे गेले तर इमारतींमध्ये गेले. काउंटीने कर्ज द्यायचं, सिटीने जागा द्यायची, उरलेला मोठा हिस्सा फेडरल टॅक्स क्रेडिटमधून (अशा घरांत पैसे घालणाऱ्यांना मिळणारी करसवलत) उभा करायचा, आणि त्या टॅक्स क्रेडिटच्या बदल्यात कॅलिफोर्नियात ५५ वर्षं भाडं वाढवून बाजारभावाला नेता येत नाही. एकाच प्रोजेक्टला पाच-सहा ठिकाणचे पैसे जुळवावे लागतात, त्यात वर्षं जातात, म्हणून २०१६ च्या बॉण्डमधली घरं आत्ता आत्तापर्यंत बांधून होतायत.  तुमच्या क्युपर्टिनोत स्टीव्हन्स क्रीक रस्त्यावरचं व्हरांडा २०१९ सालचं, १९ घरं, सगळी ज्येष्ठ लोकांसाठी. काका, तुम्ही त्याच्यावरून कितीतरी वेळा गेला असाल.

मग तंबू का कमी होत नाहीत, तर एका दाराने आम्ही लोकांना घरात नेतो आणि दुसऱ्या दाराने त्याहून जास्त लोक नव्याने रस्त्यावर येतात. भाडी वाढतात आणि ज्याचा पगार मिनिमम वेजचा आहे त्याच्याकडे एक महिना चुकला की पुढचा भरायला काही राहत नाही. म्हणून सुमेधाची पहिली सूचना आणि दुसरी सूचना या दोन वेगळ्या नाहीतच, एक केली आणि दुसरी सोडली तर उपयोग नाही. २०१५ साली काउंटीने हिशोब करून घेतला होता, बेघर लोकांवर हॉस्पिटल, जेल, पोलिस, इमर्जन्सी मिळून वर्षाला ५२ कोटी डॉलर खर्च होत होते. म्हणजे काहीच न करणंसुद्धा फुकट नाही.

आता "आधी उपचार मग घर" याबद्दल. माझ्याकडे एक गृहस्थ होते, नाव-गाव काही लिहीत नाही, साठीच्या पुढचे, बरीच वर्षं ओढ्याकाठी तंबूत राहिलेले. व्हाउचर (भाड्याचा बराचसा भाग सरकार भरतं ते) मंजूर झालं तर सोशल सिक्युरिटी कार्ड नाही, कारण वस्ती उठवली तेव्हा बॅगच ट्रकमध्ये गेली. कार्डासाठी फोटो आयडी पाहिजे, आयडीसाठी जन्माचा दाखला, तो दुसऱ्या स्टेटमधून पोस्टाने येणार आणि पोस्ट येणार कुठे, तर पत्ता नाही! शेवटी आमच्या ऑफिसचा पत्ता दिला. सगळे कागद जमले आणि घर मिळालं तर इन्स्पेक्शनमध्ये खिडकीची कडी लागत नाही म्हणून नापास, पुन्हा तारीख, तोवर व्हाउचरची मुदत संपत आलेली, ती वाढवून घ्या. या सगळ्यात त्यांना डायबेटिसचं इन्सुलिन ठेवायला फ्रीज नव्हता. अशा माणसाला तंबूत ठेवून तू आधी दारू सोड, अपॉइंटमेंटला वेळेवर ये, मग बघू, असं सांगून काय होतं हे मी डोळ्यांनी बघितलंय, काही होत नाही.

घरात आल्यावर दारू लगेच सुटली का? नाही सुटली. पण डॉक्टरकडे जाणं सुरू झालं कारण कुठे भेटतील ते आम्हाला माहीत होतं. अडचणी वेगळ्याच आल्या. ओढ्याकाठचे मित्र थंडीत दार ठोठावायचे आणि यांना नाही म्हणवेना, लीजमध्ये पाहुणा किती रात्री राहू शकतो ते लिहिलेलं असतं, ती मर्यादा ओलांडली की नोटीस. सपोर्टिव्ह हाउसिंगमध्ये घर जाण्याची वेळ येते ती ड्रग्जपेक्षा या पाहुण्यांमुळे जास्त येते असा माझा अनुभव आहे. मॅनेजरशी बोलून, मित्रांची नावं घरासाठीच्या आमच्या यादीत घालून ते निभावलं. भाडं ते स्वतः भरतात, उत्पन्नाच्या ३० टक्के. एसएसआयचे (गरीब वृद्ध आणि अपंगांना मिळणारा सरकारी भत्ता) महिन्याला बाराशे डॉलरच्या आसपास येतात, त्यातले साडेतीनशेच्या वर जातात, उरलेलं व्हाउचर भरतं. फुकट कोणी राहत नाही.

आणि एकट्या माझ्या अनुभवावर जाऊ नका. यूसीएसएफ या सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटीने आपल्याच काउंटीत प्रोजेक्ट वेलकम होम या सपोर्टिव्ह हाउसिंगच्या प्रोग्रॅमचा अभ्यास केला, सतत जेल आणि इमर्जन्सीच्या फेऱ्या मारणारे, सगळ्यात अवघड समजले जाणारे ४२३ लोक घेतले. ज्यांना प्रोग्रॅममध्ये घेतलं त्यातले ८६ टक्के घरात गेले, बाकीच्या गटात ३६ टक्के. मानसिक आजाराच्या इमर्जन्सी फेऱ्या कमी झाल्या. हॉस्पिटलमध्ये भरती होणं मात्र फारसं कमी झालं नाही, तेही सांगते, कारण इतकी वर्षं बाहेर काढल्यावर शरीर आजारी राहतंच. पण माणसं घरात टिकली. काही इमारतींमध्ये पहिली वर्षं जड गेली, मारामाऱ्या झाल्या, पोलिस आले, हे खरं आहे. जिथे सिक्युरिटी आणि केस मॅनेजर पुरेसे नव्हते तिथे हे झालं. म्हणून मंगळवारी जाऊन नुसतं "बांधा" म्हणू नका, "इमारतीत स्टाफ किती, रात्री कोण असणार" हेही विचारा. एका केस मॅनेजरकडे वीसच्या आसपास लोक असले तर काम होतं, चाळीस दिले तर फक्त फॉर्म भरले जातात.

प्रेषक: विद्या (मिलपिटास)

वैशालीचं मेल वाचून लिहायला बसले.

श्रीकांतराव, तुम्ही गिरगावातले आणि मी नायगावच्या बीडीडी चाळीतली. १६० चौरस फुटांची खोली, आम्ही सात जण, वडील मिलमध्ये. संप झाला, मिल बंद पडली, घरात काय परिस्थिती होती ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण आम्ही रस्त्यावर आलो नाही याचं एकच कारण, खोलीचं भाडं इतकं कमी होतं की आईच्या शिवणकामातून ते निघायचं. ती चाळ सरकारने १९२० च्या दशकात बांधली म्हणून आमची शाळा सुटली नाही. आम्ही फार कष्टाळू होतो म्हणून वाचलो असं मी कधीच म्हणणार नाही, कष्टाळू तर सगळेच होते.

दुसरं, हे लोक "बाहेरचे" आहेत असं आपल्या डोक्यात कुठेतरी असतं. मी बरीच वर्षं अडचणीतल्या बायकांना मदत करते. आपल्याच मुली, मराठीसुद्धा, डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, नवऱ्याने मारलं म्हणून मुलाला घेऊन बाहेर पडलेल्या, स्वतःच्या नावावर बँक अकाउंट नाही, क्रेडिट हिस्टरी नाही, मग कोण भाड्याने घर देणार? एक जण मुलासकट गाडीत झोपायची, सकाळी लायब्ररी उघडली की तिथल्या बाथरूममध्ये मुलाला तयार करून शाळेत सोडायची. शाळेत कोणालाच पत्ता नव्हता. मैत्री संस्था १९९१ पासून आपल्याकडच्या बायकांसाठी हे काम करते, तात्पुरती राहायची सोयही करते, पण तात्पुरती सोय संपल्यावर पुढे जायला परवडणारं घरच नसेल तर त्या बाईने काय करायचं, परत नवऱ्याकडे जायचं? काही जणी जातात, मी बघितलंय.

पालो आल्टोत २०१३ साली मेबेलवर ज्येष्ठांसाठी ६० परवडणारी घरं मंजूर झाली होती. शेजाऱ्यांनी सह्या गोळा करून मतदानाला नेलं आणि ते पाडलं. आता तिथे बंगले आहेत. ज्येष्ठांसाठीची घरं होती हो ती, तिथे कुठे ड्रग्जचा प्रश्न होता? मी मंगळवारी येणार आणि बोलणार.

प्रेषक: श्रीकांत काका (क्युपर्टिनो)

विद्याताई, वैशाली, दोघींची मेलं मी दोनदा वाचली, एकदा घरी मोठ्याने वाचून दाखवली.

माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. शाळेच्या शेजारी रात्री स्टाफ कोण असणार, याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत मला शांत वाटणार नाही. पण विरोधाच्या पत्रावर सही मागायला शेजारी आले होते, त्यांना मी थांबा म्हणून सांगितलं आहे. मंगळवारी येतो आणि हा स्टाफचा प्रश्न माइकवर मीच विचारतो. वैशाली, ते वीस लोकांचं प्रमाण लेखी करारात घालता येतं का, ते कळव. येत असेल तर मी तेवढीच अट घालून ठरावाच्या बाजूने बोलेन.

आणि प्रिव्हेन्शन फंडाला निम्मे नको, दोन तृतीयांश द्या. ब्लँकेटं आपण घरोघरून आणू, प्रत्येकाच्या कपाटात पडलेली असतात.

प्रेषक: वैशाली (सॅन होजे)

काका, येतं. सिटी जागा देताना डेव्हलपरशी करार करते, त्यात सर्व्हिसेस प्लॅन जोडलेला असतो, त्यात स्टाफ किती हे लिहून मागता येतं आणि काउन्सिल तशी सूचना ठराव करतानाच देऊ शकतं. म्हणून मंगळवार महत्त्वाचा, नंतर मागून काही होत नाही. मी तुम्हाला अशा प्लॅनचा एक नमुना पाठवते, त्यातलं कुठलं कलम वाचायचं ते खूण करून.

प्रेषक: मंदार (सेक्रेटरी)

सगळ्यांना,

१. मंडळ नॉनप्रॉफिट आहे त्यामुळे कुठल्या उमेदवाराचा प्रचार आपल्याला करता येत नाही, पण हिअरिंगला जायला अडचण नाही. तरी कमिटीचा ठराव होईपर्यंत प्रत्येकाने बोलताना आपण कुठले रहिवासी एवढंच सांगावं, मंडळाचं नाव घेऊ नये.

२. देणगीचं काकांच्या दुरुस्तीसह रविवारी मतदानाला टाकतोय. खजिनदारांनी रक्कम तयार ठेवा.

३. मंगळवारी हिअरिंग सातला आहे पण आपला विषय किती वाजता येईल सांगता येत नाही, साडेदहाही होऊ शकतात, त्यामुळे जेवून या. आत गेल्या गेल्या स्पीकर कार्ड भरून क्लार्ककडे द्यायचं, विषय सुरू झाल्यावर कार्ड घेत नाहीत. प्रत्येकी दोन मिनिटं, गर्दी झाली तर एकच करतात, म्हणून महत्त्वाचं वाक्य आधी बोला. ज्यांना इंग्रजीत बोलायचा संकोच वाटतो त्यांनी विद्याताईंना फोन करा, त्या शेजारी उभ्या राहतील.

४. मिलपिटासहून विद्याताईंची गाडी आहे, तीन जागा. क्युपर्टिनोहून काका किती जणांना आणू शकतील?

प्रेषक: श्रीकांत काका (क्युपर्टिनो)

चार. सव्वासहाला निघतो, लायब्ररीच्या पार्किंगमध्ये उभा राहीन.