पाच टक्के निधीतून खुर्ची की मदतनीस? अपंग आईबापांच्या लेकरांचा प्रश्न

पाखाडीवरची (राजापूर तालुका):
आमच्या ग्रामसभेत परवा या विषयावर बरीच घासाघीस झाली आणि शेवटी विषय 'पुढच्या सभेत' ढकलला गेला. पुढच्या वेळी नुसता आवाज चढवून भागणार नाही, मुद्दे हवेत, म्हणून इथे मांडते. विरोधी मतंही द्या, चालतील.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे त्यातून वस्तू येतात. कुबड्या, चाकाची खुर्ची, कधी घरघंटी. मी म्हटलं, यंदा वस्तू नकोत. वाडीतल्याच एखाद्या बाईला रोज दोन-तीन तासांचं मानधन द्या. ज्या घरात आई किंवा बाप अपंग आहे आणि मूल लहान आहे, त्या घरी ती जाईल.

मला पोलिओ आहे, कॅलिपर लावून चालते. मुलगा दोन वर्षांचा. त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, रात्री उठणं, ओरडणं सगळं जमतं. त्याला कडेवर घेऊन पाखाडी, म्हणजे वाडीतून खाली जाणारी पायऱ्यांची वाट, उतरणं जमत नाही. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांना शेवाळ धरलं की धडधाकट माणसाचाही पाय सरकतो. लसीकरणाचा दिवस आला की मी कोणाच्या तरी दारात उभी. खालच्या वाडीत एक जोडपं आहे, दोघांनाही दिसत नाही. बाळाच्या पायात घुंगरांचे वाळे आहेत, म्हणजे ते कुठे रांगतंय ते कळतं. औषध द्यायच्या सिरिंजला खाच पाडून घेतली आहे. अंगावर पुरळ उठलं की हाताला लागतं. पण जन्मल्यावर चार दिवसांत बाळ पिवळं पडलंय का, हे डोळेवाल्यानेच सांगावं लागतं. त्यांनाही मूल सांभाळायला कोणी नको आहे. घटकाभर एक जोडी डोळे हवे आहेत.

ही मागणी हवेतली नाही. दिव्यांग हक्कांचा २०१६चा कायदा, कलम २४ वाचा. अपंग स्त्रीला उपजीविकेसाठी आणि मुलांच्या संगोपनासाठी आधार द्यावा, असं त्यात आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या अपंग आईला मूल दोन वर्षांचं होईपर्यंत वेगळा भत्ता मिळतो, २०१७मध्ये तो महिना ३००० रुपये झाला होता. म्हणजे तत्त्व मान्य आहे. फक्त ते काजूच्या कारखान्यात बसणाऱ्या आईपर्यंत आलेलं नाही.

सड्यावरचा:
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मागणी पटली नाही. कोकणात मूल एकट्या आईबापांनी कधी वाढवलं? आजी, काकी, शेजारीण, सगळ्यांच्या मांडीवर वाढतं. तुम्ही त्या मांडीला मानधन लावलंत की उद्या शेजारीण म्हणणार, पैसे घेणारी आहे ना, मग मी कशाला जाऊ? शिवाय आपल्या पंचायतीला घरपट्टी-पाणीपट्टी मिळून जमतं केवढं, आणि त्याचे पाच टक्के म्हणजे किती? दोन घरांना माणूस दिला की बाकीच्यांना काय द्यायचं, नारळ?

कुलूपवाली वाडी:
काका, कुठली काकी आणि कुठली शेजारीण? आमच्या वाडीत सलग पाच घरांना कुलूप आहे. गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात, मग चाकरमानी परत मुंबईला. उरले ते सत्तरीचे. त्यांच्या मांडीवर मूल द्यायचं तर आधी त्यांनाच उठवायला माणूस हवा.

रोखठोक:
कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. ज्यांना स्वतःचं करायला दुसरा लागतो त्यांनी मुलाचा विचार आधी करायला नको का? भावना बाजूला ठेवा. त्या बाळाचा काय दोष? आणि खर्च बाकीच्यांच्या करातून.

तिठ्यावरची वकीलीण:
रोखठोक, तुमच्यासारखा विचार या राज्याने करून पाहिला आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली आणि देशभर गदारोळ झाला. २००९मध्ये चंदीगडच्या संस्थेतल्या एका तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तिला सौम्य बौद्धिक अपंगत्व होतं आणि मूल हवं होतं. न्यायालयाने तिच्या संमतीशिवाय गर्भपात करायला नकार दिला. २०१६च्या कायद्याचं कलम १० तर सरळ सांगतं की माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय कोणाचीही प्रजननक्षमता जाईल असे उपचार करता येणार नाहीत. 'मूल व्हावं का' हा प्रश्न ग्रामसभेच्या अखत्यारीत नाही.

आणि मूल आधी, अपंगत्व नंतर, अशी किती घरं आपल्याकडे आहेत! आंबा उतरवताना झाडावरून पडून कण्याला मार बसलेले बाप प्रत्येक तालुक्यात सापडतील. त्यांनी कधी विचार करायला हवा होता? झाडावर चढायच्या आधी?

कुडाळकरीण:
माजो बापूस कलमावरना पडलो तेवा मी सातवीत होतंय. आवस बागेत कामाक जाय. बापसाक कुशीर वळवूचा, पुसून काढूचा, पाटीर जखम होता काय बघूचा, ह्या सगळा माज्यार. शाळा सोडूक नाय, पण सोडल्यासारखीच. वाडी बघता म्हणतत ना? बघता, खरा. सुरवातीक सगळी पेज घेवन येयत. दोन म्हयन्यान कोण नाय. रोखठोक, बाळाचो दोष काय इचारतास? त्या वखताक एक बाई दोन तास इली असती तर माजी सातवी वाचली असती.

रोखठोक:
तुमच्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण तुमची केस अपघाताची. माझा प्रश्न तो नव्हता.

पाखाडीवरची:
पंचायतीत अपघाताची रांग वेगळी आणि पोलिओची वेगळी असते का? मूल दोन्ही घरांत सारखंच भुकेलं होतं.

गावची आशा:
आशा सेविका म्हणून माझं ऐका. असा ठराव झाला की शेवटी बोट आमच्याकडेच येणार, मला माहीत आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी आम्ही देतो. वजन, ताप, नाळ, अंगावर पाजणं सगळं बघतो. त्या सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये. दिसत नसलेल्या आईच्या घरी मी जास्त वेळा जाते, कोणी सांगितलं म्हणून नाही. पण रोजचे दोन तास? मग गरोदर बायका, क्षयाचे रुग्ण, सर्व्हे कोण करणार? वेगळी बाई नेमत असाल तर मी तिला शिकवायला तयार आहे. आणि आमच्या आरोग्यपत्रकात आईला दिसत नाही, ऐकू येत नाही, यासाठी रकानाच नाही. मी वर पेन्सिलीने लिहिते.

किनारपट्टी:
एक वेगळी शंका. मी विरोधात आहे, पण रोखठोक यांच्या कारणासाठी नाही. घरात पगारी माणूस आला की डोळे आले, आणि डोळे आले की तोंड आलं. बालन्याय कायदा २०१५ काढून बघा. पालक मुलाची काळजी घ्यायला 'अक्षम' आहे असं बालकल्याण समितीला आढळलं, तर ते मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं ठरू शकतं. उद्या त्या मदतनीस बाईचं आणि आईचं भांडण झालं, आणि ती 'या बाईला जमत नाही' म्हणाली, तर? अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, जो भारताने २००७मध्ये स्वीकारला, स्पष्ट लिहिलं आहे की मूल किंवा पालक यांच्या अपंगत्वाच्या कारणावरून ताटातूट करायची नाही. आपल्या २०१६च्या कायद्याच्या कलम ९मध्ये मात्र संरक्षण अपंग मुलाला आहे, अपंग पालकाचा उल्लेख नाही. ही फट बुजेपर्यंत माणूस नको, रोख पैसे द्या. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना २०२५पासून महिना २५०० झाले आहेत, ते वाढवा, उत्पन्नाची अट सैल करा. वर्षाला ५० हजारांच्या आतलं कुटुंब आता राहिलंय कुठे? पैसे हातात असले की ज्याचं तो ठरवेल.

परदेशस्थ देवगडकर:
इंग्लंडात २०१४च्या कायद्याने अपंग माणसाच्या गरजा ठरवताना 'याला मुलाचं करता येतं का' हेही बघतात आणि त्यासाठी मदत देतात. तरीही तिथले कित्येक आईबाप मदत मागायला बिचकतात, मूल नेतील या धास्तीने. किनारपट्टी म्हणतात ती भीती खोटी नाही.

सड्यावरचा:
इंग्लंडात पाखाडी आहे का? नाही ना. मग पुढे चला.

पाखाडीवरची:
किनारपट्टी, तुमचा मुद्दा मला सगळ्यात बोचला, म्हणून त्याला नीट उत्तर देते. रोख पैशाला माझा नकार नाही, पण आमच्याकडे २५०० घेऊन उभं राहिलं तरी माणूस मिळत नाही. आंब्याच्या हंगामात बागेत दिवसाची मजुरी मिळते, काजूच्या कारखान्यात मिळते, मग माझ्याकडे दोन तासांसाठी कोण येईल? पंचायतीने नेमलं, वर्षभराची खात्री दिली, तर कोणी तरी येईल. राहिला चुगलीचा धोका. त्यावर माझ्या अटी आहेत. बाई कोण हवी ते आईबाप सांगतील. ती काय करेल तेही तेच सांगतील. पंचायतीला हजेरी जाईल, अहवाल जाणार नाही. पटलं नाही तर बदलायचा हक्क घराला. आणि धोका मदतीशिवायही आहेच ना? बिनमदतीच्या घरात मूल पडलं, भाजलं, तर 'अक्षम' हा शिक्का जास्त लवकर बसेल.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात सुटते आहे. कलम २४मध्ये संगोपनाचा आधार आहे तो अपंग स्त्रीला. कुडाळकरीणताईंचे बाबा त्यात कुठे बसतात? बापाला मूल सांभाळायचं असतं हे कायदा लिहिणाऱ्यांच्याही लक्षात आलेलं नाही. आमच्या ठरावात 'आई किंवा बाप' असंच राहील.

किनारपट्टी:
'अहवाल नाही' ही अट लेखी असेल तर माझा विरोध अर्धा. उरलेला अर्धा राहू द्या. पंचायत बदलली की अटी बदलतात.

माजी सदस्य:
मी पाच वर्षं पंचायतीच्या खुर्चीत होतो, म्हणून सांगतो. वस्तू का वाटतात? बिल एकच, फोटो एकच, लेखापरीक्षण सोपं. मानधन दर महिन्याला काढावं लागतं आणि दर महिन्याला कोणी तरी विचारतं. सड्यावरचे म्हणतात ते बरोबर, एका लहान पंचायतीचा निधी पुरणार नाही. शेजारच्या दोन-तीन पंचायती मिळून करा, निम्मी बाजू पंचायत समितीकडे मागा. अंगणवाडीला जोडून पाळणाघराची केंद्राची 'पाळणा' योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, तीही मागणीत घाला. आणि तोंडी बोलू नका. अर्ज द्या, पोच घ्या.

कुलूपवाली वाडी:
पाळणाघर खाली रस्त्याला होणार आणि मूल वर वाडीत. मधल्या पाखाडीचं काय?

सड्यावरचा:
त्याच पाखाडीवर मी येत होतो. मानधनाला माझा विरोध कायम आहे. पण दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा आणि पायऱ्यांची उंची एकसारखी करणं, हे बांधकामाच्या निधीतून करा. माझे गुडघेही तेच मागतायत. सूचक म्हणून माझं नाव घाला.

पाखाडीवरची:
कठड्याचा ठराव तुम्ही मांडा काका, अनुमोदन माझं. मदतनीसाचा मी मांडते, त्याला तुम्ही विरोध करा. फक्त सभेला या, आणि येताना तुमच्या सड्यावरची माणसं घेऊन या. परवाच्या आधीच्या दोन्ही सभा कोरम नाही म्हणून तहकूब झाल्या होत्या.