केसांभोवतीची हिरवी झालर

हिरवा पडदा लावून, क्रोमा की (व्हिडिओतला एक ठराविक रंग काढून तिथे दुसरी पार्श्वभूमी आणायची सोय) वापरूनही केसांभोवती हिरवी झालर का राहते, असा प्रश्न आहे. टॉलरन्सचा (त्या रंगाच्या किती जवळच्या छटा काढायच्या ते ठरवणारा) स्लायडर ओढत बसू नका, मूळ दुखणं चित्रीकरणातच आहे. माणूस पडद्याला चिकटून उभा असला की पडद्यावरचा हिरवा उजेड परावर्तित होऊन केसांवर, खांद्यांवर पडतो. त्याला सहा-आठ फूट पुढे आणा. पडद्यावर वेगळा, एकसारखा उजेड हवा, सुरकुती अजिबात नको.

दुसरं कारण सहसा कुणी सांगत नाही. फोन आणि बहुतेक साधे कॅमेरे ४:२:० पद्धतीने रेकॉर्ड करतात. म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, पण रंगाची चार पिक्सेलना मिळून एकच! क्रोमा की तर रंगावरच चालते, मग कडा दातेरी येणारच. म्हणून शेवटचा व्हिडिओ १०८०पी हवा असला तरी शूटिंग ४के मध्ये (चौपट पिक्सेल) करा, क्रोमा की त्यावरच लावा आणि मग आकार कमी करा. केसांच्या कडांमध्ये स्पष्ट फरक दिसतो.

पडदाच नसेल तर मास्क काढून (माणसाभोवती कापायची रेघ आखून) तो कीफ्रेमने (ठराविक क्षणी मास्कची जागा नोंदवणाऱ्या खुणेने) सरकवा. दर फ्रेमला कीफ्रेम नको, हालचालीची दिशा जिथे बदलते तिथेच द्या, आणि कडेला थोडा फेदर, म्हणजे कड जराशी मऊ.