संहिता नाही, तालीम आहे : फॅन-मेळाव्यातल्या इम्प्रॉव्हचे खान्देशी अनुभव

गेल्या खेपेला मुंबईच्या कॉमिक कॉनहून (कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांचा मोठा मेळावा) परत येताना आम्ही चौघं चाळीसगावपर्यंत भांडत होतो. रांगेत कंटाळलेल्या लोकांसमोर आम्ही दहा मिनिटं जे इम्प्रॉव्ह केलं, ते नेमकं कुठे आपटलं, यावरून. एकाच्या मांडीवर फोमची ढाल, दुसऱ्याच्या कानामागे अजून निळा रंग. समोरच्या बाकावर पाचोऱ्याच्या एक आजी होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "एकमेकांचं ऐकत नव्हते का रे तुम्ही? आत्ताबी नाही ऐकून राहिले."

यावर बोलायला काही उरलंच नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी : इम्प्रॉव्हमध्ये लिहिलेले संवाद नसतात. प्रेक्षकांकडून एखादा शब्द, जागा किंवा नातं मागून घ्यायचं आणि तिथल्या तिथे प्रवेश उभा करायचा. जोडीदार जे बोलेल ते खरं मानायचं आणि त्यात आपली भर घालायची. शिकवणारे याला 'हो, आणि' म्हणतात. आपल्याकडे ओट्यावर बसलेली माणसं "हाव, मंग?" म्हणतात तेच. फॅन-मेळाव्यात अडचण अशी की समोरच्या गर्दीला ती पात्रं तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतात. तुम्ही तलवार उजव्या हातात धरली की मागून ओरडा येतो, "तो डावखुरा आहे!"

भारतातलं पहिलं कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत झालं. आता आपल्याकडेही कॉलेजच्या हॉलमध्ये एक दिवसाचे छोटे मेळावे होऊ लागलेत. तिथे किंवा मुंबई-पुण्यात ज्यांनी हे केलं, शिकलं, नुसतं पाहिलं, त्यांनी लिहा. आपटलेलं आधी लिहा.

*

भुसावळ

मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. आमच्या लाइनीत तेलुगू, हिंदी, मराठी, अहिराणी, सगळं एका नळावर. लहानपणी आम्ही एक खेळ खेळायचो : कोणालाच न येणाऱ्या भाषेत भांडायचं. अगडम, तगडम, हात नाचवायचे, आणि तिसऱ्याने ते 'भाषांतर' करून सांगायचं. नोकरीसाठी मुंबईला गेल्यावर रविवारच्या इम्प्रॉव्ह कार्यशाळेत नाव घातलं, तर पहिल्याच तासाला हाच खेळ! जिबरिश म्हणतात म्हणे. शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं की व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी १९३०च्या दशकात शिकागोत, बाहेरदेशांतून आलेल्या आणि एकमेकांची भाषा न येणाऱ्या घरांतल्या मुलांसोबत काम करताना असे खेळ घडवले. १९६३ला त्यांचं पुस्तक आलं, आणि आज जगभर इम्प्रॉव्ह शिकवतात ते बरंचसं त्यावर. मला एकदम आमचा नळ आठवला.

आता आपटलेलं. माझा पहिला प्रयोग, एका फॅन-मेळाव्यात, कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेष करून येणं) स्पर्धेचा निकाल लागेपर्यंतची भरती म्हणून. प्रेक्षकांनी जागा दिली : दवाखाना. मी डॉक्टर. माझा जोडीदार आत आला आणि म्हणाला, "डॉक्टर, माझा तिसरा हात दुखतोय."

मी म्हणाले, "कुठे आहे तिसरा हात?"

बस. संपलं. त्या पोराने दिलेली सगळी मजा मी एका प्रश्नात काढून घेतली. तो बिचारा खांदा दाखवत उभा, मी त्याच्याकडे बघतेय, आणि हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज. तेवढ्यात पहिल्या रांगेतला सात-आठ वर्षांचा मुलगा, गळ्यात केप, जोरात म्हणाला, "वॉरंटी कार्ड आणलं का?"

हॉल फुटला. कार्यशाळेचे पैसे मी भरले होते, आणि 'हो, आणि' त्याला येत होतं. तेव्हापासून मी स्टेजवर प्रश्न विचारायचाच नाही असं ठरवलं. जो प्रश्न सुचतो त्याचं उत्तरच बोलून टाकते : "मागच्या दिवाळीत बसवला तोच ना?" एवढ्याने माझं निम्मं काम सुधारलं.

*

चोपडा

मी निवृत्त शिक्षक. नातवाने हे वाचायला दिलं, म्हणून लिहितो. मी त्याच्यासोबत एकदा तुमच्या त्या मेळाव्याला गेलो होतो. पोरं बरी करतात. पण हे नवीन आहे असं कोणी सांगू नका.

तमाशात गण-गवळण झाली की बतावणी, मग वग. जुन्या वगांना कागद नसायचा. गोष्ट ठरलेली, बोलणं फडावर. सोंगाड्याचं सगळं पोट त्याच्यावर. लहानपणी यात्रेत पाहिलेलं सांगतो. राजदरबार चालू होता, राजा मोठ्या आवाजात आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत होता, आणि गॅसबत्ती फस्सकन विझली. गुडुप अंधार. लोक शिट्ट्या मारायला लागले. अंधारातून सोंगाड्याचा आवाज आला, "महाराज, उजेड पाडला उजेड पाडला म्हणत होते, तो हाच का?"

बत्ती पुन्हा लागेपर्यंत पंधरा मिनिटं त्याने अंधारातच खेळवलं. मध्येच कर वसूल केला, प्रेक्षकांतल्या एकाच्या डोक्यावरची टोपी जप्त केली आणि बत्ती लागल्यावर ती राजाच्या डोक्यावर दिसली.

नातू सांगतो, कीथ जॉनस्टन नावाच्या इंग्रजाने कुस्त्यांना येणारी आरडाओरडा करणारी गर्दी पाहिली आणि नाटकालाही असाच प्रेक्षक पाहिजे म्हणून दोन संघांनी चढाओढीने इम्प्रॉव्ह करायचं थिएटरस्पोर्ट्स काढलं. १९७७ला कॅनडात कॅलगरीला ते सुरू झालं. चांगलं केलं. आमच्या यात्रेत दिवसा कुस्त्यांची दंगल आणि रात्री त्याच गावात तमाशा. गर्दी तीच, गळाही तोच.

*

अमळनेर

घरी कसं समजावता तेवढं सांगा कोणीतरी. आमच्या बापूंना वाटतं मी बहुरूप्यांच्या जत्रेला जातो. (पूर्ण चूकही नाही म्हणा.)

*

धुळे

मी कॉस्प्लेवाला. इम्प्रॉव्हमध्ये ओढला गेलो कारण चिलखत घालून बसता येत नाही, मग उभंच राहायचं तर स्टेजवर राहू. फोमचे तुकडे हीटगनने वाकवून, फेव्हिबॉन्डने चिकटवून दोन महिन्यांत पूर्ण चिलखत केलं होतं. हेल्मेटसकट. आणि मेळावा मार्चमध्ये, धुळ्यात. आतून मी बट्टीसारखा भाजून निघालो होतो.

लोक हेल्मेटबद्दल घामाचं बोलतात. खरी अडचण कानाची. आत स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. प्रवेश होता : मी अजिंक्य योद्धा, शहर वाचवून परतलोय. समोरची मुलगी काहीतरी बोलली. मला वाटलं ती शत्रू. मी तलवार उपसली, "तुझा अंत जवळ आलाय!" लोक हसले, मला वाटलं जमतंय. ती परत बोलली. मी परत धमकी दिली. पाच वेळा. शेवटी तिने पुढे येऊन माझं हेल्मेट दोन्ही हातांनी वर उचललं आणि शांतपणे अहिराणीत म्हणाली :

"घर चाल भो. तुन्ही माय वाट दखी ऱ्हायनी."

ती पहिल्यापासून माझी बहीण होती! सगळ्या हॉलला माहीत होतं, मलाच नव्हतं. एवढा हशा मला पुन्हा कधी मिळाला नाही, आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य. आता मी हेल्मेट काखेत धरूनच चढतो. वरच्या आजी बरोबर बोलल्या.

*

नंदुरबार

हे लिहू की नको असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी मी एका मेळाव्यात खेळ चालवत होतो. प्रेक्षकांतून कॉस्प्ले केलेल्या एका मुलीला हात धरून वर आणलं. विचारलं नाही. तिच्या विगवरून, उंचीवरून दोन-तीन विनोद केले, टाळ्या घेतल्या. ती हसत होती. नंतर ती बाहेर पायऱ्यांवर विग मांडीवर घेऊन बसलेली दिसली. मैत्रीण तिला पाणी देत होती. मी जवळून गेलो तर तिने मान वळवली.

मोठ्या कॉनमध्ये 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' अशा पाट्या असतात. मी त्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढलेला माणूस आहे. आता आमचा नियम : वर येणाऱ्याने स्वतः हात वर करायचा, अंगाला हात लावण्याआधी विचारायचं, आणि विनोद आमच्यावर, पाहुण्यावर नाही. फ्रीझच्या खेळात तर हे फार लागतं. तिथे खेळणाऱ्याच्या खांद्यावर थाप मारून त्याची जागा आणि त्याची पोझ घ्यायची असते. आम्ही थाप बंद केली, नाव पुकारतो.

*

यावल

भाषेवर कोणी बोलत नाहीये म्हणून. धुळेवाल्या भाऊचा किस्सा भारीच, पण माझी एक तक्रार आहे. मुंबईच्या ग्रुपमध्ये मी चार महिने सरावाला जात होते. "तुझी ती गावची भाषा काढ ना" म्हणायचे, आणि ती काढली की मी प्रत्येक प्रवेशात मोलकरीण, नाहीतर रस्ता चुकलेली बाई. लोक शब्दाला हसायचे, मी काय बोलतेय त्याला नाही.

एकदा ठरवून गेले. प्रेक्षकांनी 'अंतराळयान' दिलं. मी झटकन कॅप्टनच्या खुर्चीत बसले आणि अगदी सरळ, एकही वेडंवाकडं तोंड न करता म्हणाले, "इंजिन बंद पडनं. आते काय करानं?" हसले. मी थांबले. पुढचा हुकूम दिला, तोही अहिराणीत. पुन्हा हसले, थोडं कमी. चौथ्या वाक्याला हसू थांबलं आणि यानाचं काय होणार याची लोकांना काळजी लागली. माझा सहवैमानिक विरारचा, त्याला अहिराणीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण पठ्ठ्या प्रत्येक हुकमाला "हो कॅप्टन" म्हणून कुठलंतरी बटण दाबत राहिला. यान वाचलं. आमची घरची बोली तर लेवा गणबोली, अहिराणी मी मैत्रिणींकडून उचललेली. पुढच्या वेळी कॅप्टन लेवा बोलणार आहे.

*

अमळनेर (पुन्हा)

मघाशी विचारलं होतं, आता मीच सांगतो. मागच्या महिन्यात बापूंना घेऊन गेलो. मोटारसायकलवर, मागे बसून सगळा रस्ता एक शब्द नाही. हॉलमध्ये सगळे पंचविशीच्या आतले, शिंगं, शेपट्या, रंगीत केस. बापू शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर.

आम्ही शब्द मागितला. नेहमीप्रमाणे ड्रॅगन, झोंबी, टाइम मशीन. आणि मागून बापूंचा आवाज : "कपाशी!"

पोरं मागे वळून बघायला लागली. माझ्या जोडीदाराने मात्र लगेच घेतला. ड्रॅगन कापूस विकायला आला आहे आणि तो व्यापारी. ड्रॅगन म्हणतो सोन्याच्या भावाने घ्या, व्यापारी म्हणतो ओला आहे, तुमच्याच तोंडातून वाफ लागलीये. मी ड्रॅगन. रडायला लागलो तर कापूस पेटला. बापू दोनदा मध्ये बोलले. एकदा "बोंडअळी राहिली!" आणि एकदा "पावती माग!" इतर वेळी हेच लोक 'तो डावखुरा आहे' म्हणून ओरडतात. त्या दिवशी सगळा हॉल "पावती! पावती!" ओरडत होता.

परतताना पुन्हा तसेच गप्प. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाले, "तो व्यापारी झाला होता तो पोरगा कोणाचा रे?"

"धरणगावचा आहे. कॉम्प्युटर शिकतो."

"मंग काट्यावर अंगठा कसा ठेवतात, ते त्याला कोणी दाखवलं?"